गिरवणे आणि घडवणे

पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाला कोणी चोर म्हणत नाही. दुसऱ्याने काढून दिलेल्या अक्षरावरून ते पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवते, हळूहळू हाताला वळण लागते आणि एके दिवशी पाटी पुसून ते स्वतःचे अक्षर काढते. गाणे शिकणारा शिष्य गुरूची तान जशीच्या तशी घेऊन पाहतो. सुताराच्या हाताखालचा उमेदवार आधी उस्तादाने केली तशीच खुर्ची करू पाहतो. अनुकरणावाचून कोणतीही विद्या हाती येत नाही. पण तेच मूल मोठे होऊन दुसऱ्याचा निबंध स्वतःच्या नावावर खपवू लागले, तर समाज त्याला दोष देतो. दोन्हीकडे कृती एकच, नकलेची. मग एका ठिकाणी ती विद्या ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी चोरी, हे कशावरून ठरवायचे?

संगणकावरील खेळांच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ज्याच्या आधारे या प्रश्नाचा नीट विचार करता येतो. हे प्रकरण 'कमांडर कीन' नावाच्या खेळाचे आहे. १४ डिसेंबर १९९० रोजी अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला. तो घडवणारे तरुण एका गाजलेल्या जपानी खेळाचे निस्सीम चाहते होते. त्यांनी त्या खेळाची आधी हुबेहूब नक्कल केली आणि मग तिच्यापासून दूर जाऊन स्वतःचे काही घडवले. त्यांचे सगळेच वागणे निर्दोष होते, असे नाही. म्हणूनच हे प्रकरण विचार करण्यासारखे आहे.

आधी मूळ खेळाविषयी. जपानमधील क्योतो शहरात 'निन्टेन्डो' ही कंपनी आहे. १८८९ मध्ये पत्ते तयार करण्यापासून तिची सुरुवात झाली. पुढे ती दूरचित्रवाणी संचाला जोडायची खेळाची यंत्रे विकू लागली. या यंत्रासाठी १९८५ मध्ये तिने 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आणला. मारिओ हा टोपी घातलेला, मिशीवाला नळ-कारागीर. तो डावीकडून उजवीकडे धावतो, खड्डे ओलांडतो, अधांतरी असलेल्या फळ्यांवर उड्या मारत पुढे जातो. तो पुढे जाईल तसतसे मागचे दृश्यही बाजूला सरकत जाते, जणू आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा प्रदेशच. या मालिकेचा तिसरा भाग जपानमध्ये १९८८ मध्ये आणि अमेरिकेत १९९० मध्ये आला. लक्षावधी मुलांनी आणि मोठ्यांनी तो डोक्यावर घेतला.

दृश्याचे हे सहज सरकणे दिसायला साधे होते. परंतु त्या काळी कार्यालयांत असणाऱ्या संगणकांना ते जमत नव्हते. निन्टेन्डोचे यंत्र खेळासाठीच बनवलेले असल्यामुळे दृश्य सरकवण्याची सोय त्याच्या आतच होती. कार्यालयीन संगणक हिशेब करण्यासाठी आणि पत्रे लिहिण्यासाठी बनवलेला. त्याच्यावर चित्र थोडेसे जरी पुढे न्यायचे म्हटले, तरी सगळा पडदा नव्याने रंगवावा लागे. तोवर खेळणाऱ्याचा धीर सुटे आणि चित्र धक्के खात पुढे जाई. असा खेळ संगणकावर होणे नाही, अशीच समजूत होती.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट नावाचे शहर आहे. तेथील 'सॉफ्टडिस्क' ही कंपनी आपल्या वर्गणीदारांना नवे प्रोग्रॅम चकतीवर भरून पाठवत असे. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक हे चौघे तरुण तेथे काम करत होते. दोन्ही कारमॅक केवळ नामसाधर्म्याने जोडलेले. त्यांच्यात नाते नव्हते. जॉन कारमॅक यांचे वय त्या वेळी वीस वर्षांचे होते. विद्यापीठातील शिक्षण त्यांनी पहिल्याच वर्षानंतर सोडले होते. शिकणे मात्र सोडले नव्हते. त्यांनी या अडचणीवर एक युक्ती शोधली. पडद्यावरील चित्र लहान लहान चौरस तुकड्यांचे, जणू फरशांचे, बनलेले असते. आकाशाची निळी फरशी सरकून तिच्या जागी दुसरी निळीच फरशी येणार असेल, तर तेथे काहीही रंगवण्याचे कारण नाही. ज्या फरशा खरोखर बदलल्या, तेवढ्याच नव्याने काढायच्या. अगदी थोडे सरकण्याचे काम चित्रे दाखवणाऱ्या यंत्रभागाकडूनच करून घ्यायचे. अशा रीतीने संगणकाचे श्रम कितीतरी पटींनी कमी झाले आणि दृश्य सहज वाहू लागले.

सप्टेंबर १९९० मधील एका रात्री कारमॅक आणि हॉल यांनी ही युक्ती वापरून एक नमुना तयार केला. मारिओचा तिसरा भाग समोरच्या दूरचित्रवाणी संचावर लावून, तो मध्येच थांबवून, हॉल यांनी त्यातील एकेक चित्र संगणकावर उतरवले. मारिओच्या जागी रोमेरो यांच्या एका जुन्या खेळातील 'डेंजरस डेव्ह' हे पात्र उभे केले. नमुन्याला त्यांनी मुद्दाम नाव दिले ते असे, की त्याचा अर्थ 'डेव्ह प्रताधिकाराचा भंग करतो' असा व्हावा. प्रताधिकार म्हणजे आपल्या कृतीच्या प्रती काढण्याचा कर्त्याचा हक्क. नमुन्याची चकती त्यांनी रोमेरो यांच्या टेबलावर ठेवली. सकाळी ती पाहताच रोमेरो यांनी ओळखले, की अशक्य मानलेली गोष्ट शक्य झाली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही नक्कल सरळ सरळ नक्कलच होती आणि ती करणाऱ्यांनी ते लपवले नाही. नावातच त्यांनी ते कबूल केले. चित्र कोणाचे, खेळ कोणाचा, याविषयी पाहणाऱ्याच्या मनात संभ्रम राहू दिला नाही. नमुना मित्राला दाखवण्यापुरता होता, विकण्यासाठी नव्हता. पाटीवर गिरवलेले अक्षर आणि हा नमुना यांची जात एकच. केलेल्या अनुकरणाची कबुली देणे, ही नकलेची पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी परवानगीची. या तरुणांनी पुढे मारिओच्या तिसऱ्या भागाचा अधिक परिपूर्ण नमुना तयार केला आणि तो निन्टेन्डोकडे पाठवला. 'तुमचा खेळ आम्ही संगणकावर आणून देऊ शकतो,' हा त्यामागचा प्रस्ताव होता. कंपनीला काम आवडले. पण आपले खेळ आपल्याच यंत्रावर असावेत, असे तिचे धोरण होते. नकार आला. आता या तरुणांसमोर दोन वाटा होत्या. चित्रांत जुजबी बदल करून तोच खेळ दुसऱ्या नावाने विकावा, ही एक. शिकलेले कसब जवळ ठेवून बाकी सगळे नव्याने रचावे, ही दुसरी.

पहिल्या वाटेचे काय होते, याचे उदाहरण आधीच घडले होते. १९८७ मध्ये जर्मनीत 'द ग्रेट गियाना सिस्टर्स' नावाचा खेळ निघाला. मारिओच्या जागी दोन बहिणी आल्या. बाकी पहिल्या टप्प्याची रचना मूळ खेळाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी. निन्टेन्डोचा दबाव आल्यावर तो विक्रीतून मागे घ्यावा लागला. त्या खेळाच्या कर्त्यांकडे कसब नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. पण कसब असूनही त्यांनी दुसऱ्याच्या घरात राहून घराला फक्त रंग दिला.

कीनच्या कर्त्यांनी दुसरी वाट धरली. त्यांचा नायक बिली ब्लेझ हा आठ वर्षांचा मुलगा. आईवडील बाहेर गेले आणि सांभाळणारी बाई झोपली, की हा परसात घरगुती वस्तूंपासून बनवलेल्या यानात बसतो, डोक्यावर भावाचे फुटबॉलचे शिरस्त्राण चढवतो आणि 'कमांडर कीन' होऊन मंगळावर जातो. तेथे तो फिरायला बाहेर पडला असताना त्याच्या यानाचे भाग चोरीला जातात. कोणते भाग? खेळाची दांडी, मोटारीची बॅटरी, धूळ ओढणारे यंत्र! ते शोधून परत आणणे हे त्याचे काम. लहान मुलाच्या कल्पनेत मोडक्या खोक्याचेही विमान होते, याचा अनुभव ज्याला आहे, त्याला हा नायक आपल्या घरातलाच वाटेल.

खेळाच्या आतही वेगळेपण होते. मारिओच्या पहिल्या खेळात ठरलेल्या क्रमाने एकेक टप्पा पार करावा लागे. कीनमध्ये नकाशावर फिरून कोठे जायचे ते बऱ्याच अंशी खेळणाऱ्यानेच ठरवायचे. मंगळावरील फलकांवर एक अनोळखी लिपी होती. टॉम हॉल यांनी ती रचली होती आणि चिकाटीने ताडून पाहणाऱ्याला तिची अक्षरे उलगडत. एखाद्या खेळाने मुलांना नव्या लिपीचे वाचन शिकायला लावावे, ही साधी गोष्ट नव्हे. मारिओच्या खेळात मारलेला शत्रू पडद्यावरून नाहीसा होतो. कीनमध्ये मारलेला जीव तेथेच पडून राहतो. आपल्या कृत्याचा परिणाम मुलांना दिसत राहावा, अशी हॉल यांची भूमिका होती. धावणे, उडी मारणे, सरकते दृश्य हे सगळे मारिओकडून घेतलेले. पण ही दृष्टी त्यांची स्वतःची. घेतलेल्यात स्वतःची भर घालणे, ही तिसरी कसोटी.

खेळ तयार झाला तरी तो लोकांपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उरतोच. दुकानात माल ठेवण्यासाठी भांडवल लागते. ते त्यांच्यापाशी नव्हते. येथे टेक्सास राज्यातील 'ॲपोजी' कंपनीचे स्कॉट मिलर त्यांच्या मदतीला आले. मिलर यांनी रोमेरो यांच्याशी संपर्क साधला, त्याची हकिकत मोठी गमतीची आहे. कंपनीत येणारी पत्रे वरिष्ठ वाचतील, या शंकेने मिलर यांनी वेगवेगळ्या नावांनी, चाहत्याची म्हणून, पत्रे पाठवली. ही सगळी पत्रे एकाच पत्त्यावरून आली आहेत, हे रोमेरो यांच्या लक्षात आले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. मिलर यांनी खेळासाठी दोन हजार डॉलर आगाऊ दिले.

मिलर यांची विक्रीची रीत 'शेअरवेअर' या नावाने ओळखली जाते. तिची सुरुवात १९८२ च्या सुमारास झाली. अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ या दोघांनी स्वतंत्रपणे आपले प्रोग्रॅम लोकांना मोकळेपणाने वाटले आणि उपयोग झाला तर पैसे पाठवा, अशी विनंती केली. 'शेअरवेअर' हा शब्द बॉब वॉलेस यांनी रूढ केला. मिलर यांनी या रीतीत एक बदल केला. नुसत्या विनंतीवर फारसे पैसे येत नाहीत, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून १९८७ पासून ते खेळाचे भाग पाडू लागले. पहिला भाग फुकट. तो कोणीही वापरावा, मित्रांना प्रत काढून द्यावी. पुढचे भाग हवे असतील, तर टपालाने पैसे पाठवून मागवावेत. कीनचेही तीन भाग होते. पहिला भाग चकत्यांवरून आणि दूरध्वनीच्या तारांवरून या संगणकावरून त्या संगणकावर पसरत गेला. जानेवारी १९९१ मध्ये मानधनाचा पहिला धनादेश आला, तो साडेदहा हजार डॉलरचा होता.

या रीतीकडे बारकाईने पाहिले, तर परवानगीच्या कसोटीचे मर्म कळते. एका मुलाने कीनच्या पहिल्या भागाची प्रत मित्राला दिली, तर त्याने कर्त्याचे काम केले. त्याच मुलाने दुसऱ्या भागाची प्रत दिली, तर त्याने कर्त्याची मिळकत हिरावली. चकती सारखी, संगणक सारखा, प्रत काढण्याची क्रियाही सारखी. फरक एवढाच, की एका ठिकाणी कर्त्याने दार स्वतः उघडले होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते. आपले काम वाटून द्यायचे की विकायचे, हे ठरवण्याचा हक्क ज्याने श्रम केले त्याचा. भारतीय कायद्यानेही हे मान्य केले आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीसारखे संरक्षण मिळाले. कवितेवर जसा कवीचा, तसा आज्ञावलीवर तिच्या कर्त्याचा हक्क आहे.

येथवरची कथा ऐकून हे तरुण आदर्श होते, असे म्हणावेसे वाटेल. पण तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कीन घडला तो कोणाच्या संगणकांवर? सॉफ्टडिस्कच्या. शनिवार-रविवारी हे तरुण कार्यालयातील संगणक मोटारीत घालून तळ्याकाठच्या आपल्या भाड्याच्या घरी नेत, दिवसरात्र काम करत आणि सोमवारी ते परत जागेवर आणून ठेवत. मालकाला याची कल्पना नव्हती. निन्टेन्डोचा खेळ संगणकावर आणण्यासाठी ज्यांनी परवानगी मागितली, त्यांनी आपल्याच मालकाच्या यंत्रांसाठी ती मागितली नाही. दूरच्या बलाढ्य कंपनीचा हक्क त्यांना दिसला. रोजचे वेतन देणाऱ्याचा दिसला नाही.

हे उघड झाले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. मालकाने त्यांच्याबरोबर भागीदारीत नवा उद्योग काढण्याची तयारी दाखवली. पण कंपनीतील इतर कर्मचारी संतापले. नियमाने काम करणारे आम्ही मागे राहणार आणि कंपनीची साधने खासगी कामाला वापरणाऱ्यांना भागीदारी मिळणार, हे त्यांना अन्यायाचे वाटणे स्वाभाविकच होते. नोकरी सोडून जाण्याची भाषा त्यांनी केली आणि तो बेत बारगळला. अखेर काही आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर तडजोड झाली. या तरुणांनी कंपनीसाठी दर दोन महिन्यांनी एक खेळ करून द्यायचे कबूल केले. १ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांनी 'इड सॉफ्टवेअर' ही स्वतःची कंपनी काढली होती. पण जुने देणे फेडत फेडतच त्यांना पुढे जावे लागले.

या ठिकाणी काही जण आक्षेप घेतील. संगणक रात्री बंदच पडून असतात, ते वापरले तर मालकाचे काय गेले? शिवाय त्यातून एक चांगली कृती जन्माला आली, हे काय थोडे झाले? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तो टिकत नाही. गिरणीतील यंत्र रात्री बंद असते, शेजाऱ्याचा बैल दुपारी रिकामा उभा असतो. म्हणून न विचारता तो औताला जुंपणे योग्य ठरत नाही. चांगल्या फळामुळे चुकीची वाट बरोबर ठरत नाही. फार तर ती चूक भरून काढण्याची ऐपत येते. त्या तरुणांनी ती भरून काढली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

उलट बाजूनेही आक्षेप येतो. अनुकरणाने सुरुवात करणारा कधी मौलिक होत नाही, म्हणून विद्यार्थ्याला नकलेपासून दूरच ठेवावे, असे काही जणांना वाटते. या मताचे उत्तर कीनच्या कथेतच आहे. टॉम हॉल यांनी मारिओचे एकेक चित्र हाताने उतरवले नसते, तर त्या खेळाची बांधणी त्यांना इतकी आतून कळली नसती. दृश्य सरकवण्याची युक्ती कारमॅक यांची स्वतःची होती. परंतु तिची गरज त्यांना दुसऱ्याचा उत्तम खेळ पाहूनच जाणवली. श्रेष्ठ कृतीचे अनुकरण करताना आपली उणीव कळते, आणि उणीव कळणे हीच शिकण्याची सुरुवात असते. दोष गिरवण्यात नाही. आयुष्यभर गिरवतच राहण्यात आहे.

याच कंपनीने पुढे १९९२ मध्ये 'वुल्फनस्टाइन थ्रीडी' आणि १९९३ मध्ये 'डूम' हे खेळ काढले. तेव्हा तिला कोणाचे अनुकरण करण्याची गरज उरली नव्हती. जगच तिचे अनुकरण करू लागले होते. टॉम हॉल यांची ती लिपी पुढे 'माइनक्राफ्ट' या लोकप्रिय खेळातही अवतरली. एके काळी जे उसने घेऊन निघाले होते, त्यांच्याकडून इतर उसने घेऊ लागले. निन्टेन्डोने नाकारलेल्या त्या नमुन्याची एक प्रत २०२१ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील स्ट्राँग खेळ-संग्रहालयात दाखल झाली. बाजारात जिला जागा नव्हती, त्या नकलेला इतिहासात जागा मिळाली. कारण ती नक्कल म्हणूनच केली गेली होती आणि तेवढ्यावर थांबली नव्हती.

नकलेची कृती स्वतः पुण्यही नाही आणि पापही नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगितले काय, जेथे दुसऱ्याचा हक्क आहे तेथे विचारले काय आणि घेतलेल्यात स्वतःचे काही घातले काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तिचे मोल ठरते. हे प्रश्न खेळ घडवणाऱ्यांपुरते नाहीत. परीक्षेची उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याला, दुसऱ्या दुकानातील नक्षी पाहून कपडा शिवणाऱ्याला, मित्राच्या संगणकातून प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्याला, कार्यालयातील साधन घरी नेणाऱ्याला, सर्वांनाच ते लागू आहेत. कीनच्या कर्त्यांनी यांतील काही उत्तरे बरोबर दिली, एक चुकीचे दिले आणि त्याची किंमतही मोजली.

गिरवलेले अक्षर पुसून पाटी कोरी करण्याचा क्षण प्रत्येक शिकणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्या कोऱ्या पाटीची थोडी भीती वाटते, कारण आता खाली आधाराला कोणाचीही रेघ नसते. पण ज्याने प्रामाणिकपणे गिरवले आहे, त्याच्या हाताला वळण लागलेले असते. पुढचे अक्षर त्याचे स्वतःचे असते.